पिवळ्या पाळण्यातली पोरगी

सिंदी (रेल्वे)
१२ जुलै १९८४

जयवंते,

तुह्या नावाच्या आधी काय लिहावं, याच्यातच माही अर्धी दुपार गेली. 'सौ.' लिहिता येत नाई अन् दुसरं काही मले लिहाचं नाई, म्हणून नुसतं जयवंते. घरी बोलतो तशीच लिहून राह्यली. शाळेतलं शुद्ध मराठी सातवीतच सुटलं, तुले माहीत आहे.

तुह्यं कार्ड परवा आलं. तुह्यं लगन झाल्यापासून मले आलेलं हे पहिलं पत्र, अन् तेही उघडं कार्ड. पोस्टमननं वाचलं असन, आमच्या किराणा दुकानात बसलेल्या माणसाईनं वाचलं असन, मंग आमच्या ह्याईनं मले आणून देल्लं. अन् त्याच्यात लिहिलं काय, तं हे घर माह्यं नव्हतंच नले, तुह्यं होतं, मी चुकीनं आली म्हणून मले लाभलं नाई. पोळा झाला की वावर चुलत दिराच्या नावानं करून देतो अन् हिंगणघाटले लक्ष्मणदादाच्या घरी जाऊन राहतो. लेकरं समुद्रपूरलेच, आजीजवळ.

अवं बाई, डोकं ठिकाणावर आहे काय तुह्यं? तुहे मालक चंद्रभानजी कावीळ होऊन गेले. कावीळ काय घर कोणाचं हे विचारून येते? अन् लक्ष्मणदादा तुहा सख्खा भाऊ असला तरी त्याच्या बायकोचा स्वभाव मले ठाऊक आहे, तुलेही ठाऊक आहे. तिथं तू भांडे घासशीन अन् कोपऱ्यात बसशीन. बेबीच्या वेण्या समुद्रपूरले कोण घालन?

रागावून लिहिलं तं तू अजूनच घुम्यासारखी बसशीन. म्हणून दुसरं लिहितो. या वर्षी तान्ह्या पोळ्याच्या जत्रेत इंजिनवाला पाळणा येऊन राह्यला म्हणते. आपल्या तानबाच्या लाकडी पाळण्याहून दुप्पट उंच, लोखंडी, वरून खालपर्यंत दिवे. आमच्या ह्याईनं सिंदीभर दवंडी दिल्यासारखं सांगून ठेवलं आहे. तू ये. बेबीले घेऊन ये, पोराले घेऊन ये. लगनानंतर एकही तान्हा पोळा तू सिंदीले आली नाई. लोकाईच्या पोरी माहेरी येऊन नंद्यांच्या रांगा पाहत फिरतात, अन् तुही जागा रिकामी.

पाळण्यात बसू आपण. विधवा बाई पाळण्यात बसली म्हणून कोणी बोललं तं त्याले माह्याजवळ पाठवजो.

तुही नलू


सिंदी (रेल्वे)
२८ जुलै १९८४

जयवंते,

उत्तर नाई. बरं. मी तुह्यासारखी नाई, मले बोलल्याशिवाय राहवत नाई.

काल दुकानात एक पोट्टं लाकडी नंदी घेऊन आलतं. चाकं सैल झालेली, शिंगाले बेगड लावाची होती. त्याले बेगड देता देता मले आपला तान्हा पोळा सगळा आठवला. तुले आठवते काय? मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळपासून गाव कसं पोराईच्या हातात जाये. माणसाएवढे उंच लाकडी नंदी, झुली घातलेले, अन् त्याईच्या रांगेपुढं टोप्या घालून आपल्या गल्लीतले शेंबडे. आपण पोरी. आपल्याले ना नंदी ना बोजारा. पोराईले घरोघरी खाऊ-पैसे मिळत अन् आपण दारात उभ्या. पण जत्रा आपली होती. आई वर्षभर आपल्याले फाटकापलीकडे जाऊ देत नव्हती, त्या दिवशी मात्र स्वतः पदर खोचून पुढं चाले.

आधी चकरी. लाकडी घोड्याईवर बसाचं, अन् तू नेहमी तो कान तुटलेला काळा घोडा धरे. मंग हसवणारे आरसे. त्याच्यात आई इतकी लांब अन् चपटी दिसली, की तिनं पदर तोंडावर घेतला अन् म्हणे, देवा, मी अशी दिसतो अन् कोणी सांगलं नाई मले.

मंग मौत का कुआं. आई खाली उभी राहे, फळ्या हालतात म्हणे. आपण दोघी वर. खालून ती फटफटी भिताडावर चढत येई अन् सगळा कुआं थरथरे, पायातून थेट दातापर्यंत. पेट्रोलचा वास. मी कठडा धरून डोळे मिटून घेई. अन् तू काय केलं होतं त्या वर्षी? वाकून हात लांब केला अन् रुमाल धरला पुढं. तो माणूस दोन्ही हात सोडून फटफटी चालवत आला अन् रुमाल उचलून घेऊन गेला. तो रुमाल आईनं विणलेला, निळ्या फुलाईचा. परत काही देल्ला नाई त्यानं. आईनं घरी येईपर्यंत तुले बोलणे घातले, अन् तू बोलणे खातानाही हासत होती.

हेच मले सांगाचं होतं. तू लय हासे. तुहे आई-बाप लहानपणी गेले, आमच्या घरात तू वाढली, अण्णाजीच्या घरात हासाचं काय होतं एवढं, मले अजून समजत नाई. अण्णाजी म्हणजे माहा बाप असला तरी सांगतो, सकाळी च्या पिताना हासला तं दिवसभराचं हासणं संपलं. तू मात्र ताटात भेंडी वाढली तरी हासे.

अन् शेवटी पाळणा. तानबाचा.

तुले याच्या पुढचं वाचाचं नसन. तरी वाच. तुह्या कार्डावर 'चुकीनं' हा एकच शब्द आहे, अन् ती चूक कशी झाली हे तुह्याएवढंच मलेही माहीत आहे. उगाच मनात वाढवून ठेवलं आहे तू, म्हणून पूर्ण लिहितो.

तानबाचा पाळणा हातानं फिरे. चार पाळणे: लाल, पिवळा, हिरवा, निळा. दोन माणसं दोन बाजूंनी उभी राहून ढकलत. त्याच्यात एक होतं, समोरासमोरच्या दोन पाळण्यांचं वजन सारखं पाह्यजे. नाईतं जड पाळणा खालीच बसे अन् ढकलणाऱ्याईचे खांदे निघत. म्हणून तानबा कोणी कोणासंग आलं हे पाहतच नव्हता. सासू इकडं, सून तिकडं, बाप एका पाळण्यात अन् लेक समोरच्या. माणसाकडं नुसतं पाहे अन् बोटानं दाखवे, तू इथं, तू तिथं. पाटलीणबाईलेही त्यानं कुंभाराच्या आजीसमोर बसवलं होतं.

त्या वर्षी, एकाहत्तर साली, समुद्रपूरच्या सुलोचनाबाई आपल्या पोरासाठी मले पाहाले जत्रेत आल्या होत्या. मध्यस्थ बंडूजी. घरी येऊन पोरगी पाह्यली अन् नाई म्हटलं तं गावभर होते, जत्रेत कोणी कोणाले पाह्यलं हे कोणाले कळत नाई, अशी अण्णाजीची हुशारी. बंडूजीनं त्या बाईले सांगून ठेवलं होतं: जिलेबीच्या दुकानाजवळ उभ्या राहा, पोरगी पिवळ्या पाळण्यात बसन, संग जांभळ्या लुगड्याची तिची आई असन. मी आईसंग पिवळ्या पाळण्यात बसली, तू समोर लाल पाळण्यात एका वाळक्या म्हातारीजवळ. मी तेव्हाही अशीच होती, अंगानं भरलेली, अन् आई तं आईच. तानबानं एकदा पाह्यलं अन् मले उतरवलं. तुले उचलून पिवळ्यात, मले लालमध्ये. आई म्हणत होती, अरे बाप्पा, राहू दे. पण अण्णाजीनं सगळं गुपचूप ठेवाले सांगलं होतं, मंग मोठ्यानं कशी म्हणन?

अन् पाळणा फिरला. वर गेलं की रेल्वेचे डबे, जिनिंगचे पत्रे, नंद्यांच्या रांगा, सगळं खाली, अन् मंग वरून खाली येताना पोटात तो खड्डा. मी डोळे मिटून त्या म्हातारीचा हात पकडला होता. तू दांडी सोडून, तोंड उघडं टाकून हासत होती. मी डोळे मिटले होते तरी मले ऐकू येत होतं.

आता हात दुखून राह्यला. बाकी पुढच्या वेळी.

नलू


सिंदी (रेल्वे)
११ ऑगस्ट १९८४

जयवंते,

तू नाई लिहिलं, पण सुलोचनाबाईनं निरोप पाठवला. समुद्रपूरच्या एस.टी.तून आलेल्या एका बाईनं दुकानात येऊन सांगलं: म्हातारीनं म्हटलं, पत्रं येतात, सून वाचते अन् उशीखाली ठेवते, जेवत नाई धड. बस एवढंच. त्याईनं मले निरोप पाठवावा, हे मले नवलच वाटलं. आजवर त्याईचं-माह्यं एकदाही धड बोलणं नाई.

कसं होईन? साक्षगंधाच्या दिवशीचं तुले आठवतेच. मले हिरवं नेसवलं, आतून बाहेर आणलं, पाटावर बसवलं. तू मागं तबक घेऊन उभी. सुलोचनाबाई कुंकू लावाले वाकल्या अन् थांबल्या. म्हणे, ही नाई, पाळण्यातली ती पोरगी. अन् तुह्याकडं बोट.

मले पाटावरून उठावं का बसावं हेच समजत नव्हतं. बंडूजी घामाघूम. आई रडाले लागली, तानबानं पोरगी बदलवली म्हणे, त्या मेल्यानं वजनासाठी. मंग सगळे मोठे आत गेले, बोलले, बाहेर आले. अण्णाजी म्हणाले, दोन्ही पोरी माह्याच. अन् तुले माह्याच पाटावर बसवलं. तू नाई-नाई म्हणत होती, तबक तुह्या हातातून कोणी घेतलंच नव्हतं.

तेव्हा मले राग आला होता. खोटं काऊन बोलू? तुह्या लगनात मी पोटदुखीचं सोंग करून झोपून राह्यली. पण तो राग काही वर्षभरच. मंग आमचे हे भेटले, दुकान, पोरं, अन् मले सांग, माह्यं काय वाईट झालं? हे मले बोलत नाईत फारसं, पण मी बोलतो ते ऐकतात. सगळ्याईच्या नशिबात तेही नसते.

अन् एक गोष्ट माह्या कामी आली. कोणी टोमणा मारला, नलीले नापसंत केलं होतं ना समुद्रपूरच्या लोकाईनं, की मी म्हणे, नापसंत कायचं, तानबानं वजन पाह्यलं, त्यानं मले लालमध्ये बसवलं नसतं तं मीच जाती तिथं. लोक हासत अन् गोष्ट तिथंच मिटे. इतकी वर्षं मी याच्यावर डोकं टेकून झोपली. तानबा म्हातारा होऊन मेला तेव्हा मले वाईटही वाटलं, कारण त्यानं माही लाज राखली होती, त्याले माहीत नसताना.

पण तू तीच गोष्ट उलटी धरून बसली. माह्या जागेवर चुकीनं आली म्हणून एक दिवसही त्या घरात पाय पसरून बसली नाई, हे मले आता दिसून राह्यलं. माहेरी आली नाई, मले तोंड दाखवलं नाई, अण्णाजी वारले तेव्हा आली अन् दाराजवळच बसून गेली. अन् आता चंद्रभानजी गेल्यावर म्हणते, लाभलं नाई.

वावर देऊन टाकाचं तेवढं पोळ्यापर्यंत थांबव. माह्यासाठी. अन् जत्रेले ये. एवढीच विनंती आहे माही, दुसरं काही मागत नाई तुले.

तुही नलू


सिंदी (रेल्वे)
३० ऑगस्ट १९८४

जयवंते,

तू आली नाई.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी सकाळपासून मी एस.टी. स्टँडवर माणूस ठेवला होता. दुपारच्या गाडीतून बेबी उतरली, तुहा पोरगा उतरला, अन् काठी टेकत सुलोचनाबाई. मी मागं पाह्यलं, अजून कोणी उतरन म्हणून. गाडी रिकामी झाली.

म्हातारी म्हणाली, ती म्हणे लेकराईले न्या, मी नाई येत. अन् वावराच्या कागदाचं सोमवारी करते म्हणे.

काय करू मी? जेवण वाढलं, लेकराईले जत्रेत घेऊन गेली. तुह्या पोराले आमच्या ह्याईनं दुकानातलाच नंदी देल्ला अन् रांगेत उभा केला. तो इतका ताठ उभा होता, चंद्रभानजीसारखा, असं म्हातारी म्हणाली. मी तं चंद्रभानजीले धड पाह्यलंही नाई कधी.

मंग पाळणा. लोखंडी, इंजिन धडधडते, अन् डिझेलचा धूर नाकात. आता वजन कोणी पाहत नाई, जो आधी येईन तो बसते. बेबी तिच्या भावासंग पुढच्या पाळण्यात बसली अन् मी म्हातारीले म्हटलं, तुम्ही बसता काय? मले वाटलं, नाई म्हणतीन. त्याईनं काठी तिकिटवाल्याजवळ देल्ली अन् माह्याशेजारी येऊन बसल्या.

भरता भरता पाळणा वर जाऊन थांबला. खाली माणसं चढत होती. सुलोचनाबाईनं दांडी घट्ट धरली होती. मी म्हटलं, बाई, तुमच्या सुनेले थांबवा. ती त्या घराले आपलं मानत नाई. तानबानं पोरी बदलवल्या अन् तिले वाटते, ती चोरून आली.

म्हातारी समोर पाहत होती. मंग म्हणाली, "कोणी नाई बदलवल्या. मले माहीत होतं नलू कोण आहे ते."

मी म्हटलं, काय?

त्याईनं सांगलं ते जसंच्या तसं लिहितो. त्या दिवशी पाळण्यात बसाच्या आधी आपण बांगड्यावाल्याजवळ थांबलो होतो, तू-मी-आई. सुलोचनाबाई मागंच उभ्या होत्या. आईनं मले हाक मारली, नले, हिरव्या घे. अन् त्याईनं मले नीट पाह्यलं. पोरगी चांगली आहे, कामाची आहे, असं मनात ठरवलंही. मंग जिलेबीच्या दुकानाजवळ जाऊन उभ्या राह्यल्या अन् पाळणा फिरला. अन् तुह्यं हासणं त्याईनं ऐकलं.

"माह्या घरात कोणी हासत नव्हतं," त्या म्हणाल्या. "नवरा गेल्यापासून चंद्रभान अन् मी, दोघं एकमेकाईले जेवाले वाढत होतो बस. मले ती पाह्यजे होती. पण मागणी तुही होती. अनाथ पुतणीले मागितलं असतं तं तुह्या बापानं लेकीच्या आधी तिले देल्लं नसतं. म्हणून गप्प राह्यली अन् साक्षगंधाच्या दिवशी बोट दाखवलं. सगळ्याईले वाटलं, पाळण्यात चूक झाली. मी वाटू देल्लं."

मी विचारलं, तिले काऊन नाई सांगलं आजवर?

म्हणाल्या, आधी भीती वाटली, की हे उघडं झालं तं लोक खोटारडी म्हणतीन. मंग ती हासत होती घरात, सांगाची गरजच नव्हती. चंद्रभान गेल्यापासून ती माह्याकडं पाहत नाई, अन् माह्यानं बोलवत नाई. तू सांग. तुही गोष्ट ऐकन ती.

मंग इंजिननं जोर धरला अन् पाळणा फिरला. पोटात तोच खड्डा, जयवंते, इतक्या वर्षांनी. बेबी पुढून किंचाळत होती. खाली उतरलो तेव्हा सुलोचनाबाईनं माह्या हाताले हात लावला, अन् मी हात काढून घेतला.

त्या दुसऱ्या दिवशी सकाळी गेल्या. मी लेकराईले चिवडा बांधून देल्ला, म्हातारीशी बोलली नाई.

खरं सांगू? मले वाटलं, नाई सांगाचं. कशाले सांगू? तुले सांगलं की तानबाची चूक गेली. मंग मी कोण? नीट पाह्यलेली अन् नापसंत झालेली. बांगड्याच्या दुकानात, दिवसाढवळ्या, अंगावरून नजर फिरवून बाजूले ठेवलेली. इतकी वर्षं लोकाईले हासत सांगलं ते सगळं खोटं. काल दिवसभर मी दुकानात कोणालेही धड सामान देल्लं नाई, अन् आमच्या ह्याईनं विचारलं काय झालं, तं त्याईच्यावरच ओरडली. मले लय लागलं. तुह्यापासून काय लपवू?

पण सोमवार येऊन राह्यला.

तं आता नीट ऐक अन् दोनदा वाच. तू चुकीनं गेली नाई. तानबानं तुले नेलं नाई, माह्या नशिबातून तू काही उचललं नाई. त्या बाईनं तुले पाह्यलं, निवडलं, अन् तुह्यासाठी भरल्या आंगणात खोटं बोलल्या. पसंत तूच होती. मी नव्हती. ते घर एक दिवसही माह्यं नव्हतं.

कागदावर सही करू नको. लक्ष्मणदादाले मी कळवतो.

हे पत्र मी पोस्टात टाकत नाई, सकाळच्या समुद्रपूरच्या गाडीतल्या कंडक्टरजवळ देतो, म्हणजे सोमवारच्या आधी पोचते. सुलोचनाबाईले वाचता येत नाई, पण माह्यं पत्र येईन हे त्याईले माहीत आहे. तू वाचत असशीन तेव्हा त्या दारातच बसल्या असतीन, तुह्या तोंडाकडं पाहत. वाचून झालं की उठ अन् त्याईले च्या मांडून दे.

नलू